तिसऱ्या रांगेतली बाई

ऑलिव्हबाई टॅटरसॉल आमच्या शेजारच्या घरात वरच्या मागच्या खोलीत राहायच्या. इंग्लंडमधल्या मोरकॅमला आमची गल्ली समुद्रापासून तशी आत आहे, पण वारा काही सोडत नाही. हिवाळ्यात त्यांच्या खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले दिसायचे. मी कामावरून मागच्या बोळानं परतताना वर नजर टाकायची. दिवा दिसला की बरं वाटायचं.

एका जानेवारीत दिवा दिसला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही खिडकी काळीच, तेव्हा मी जिना चढून गेले. बाई कोट घालूनच पांघरुणात पडल्या होत्या. अंग तापलेलं. मी घरी जाऊन भाताची पेज केली, मीठ आणि किसलेलं आलं घातलं आणि भांडं फडक्यात गुंडाळून आणलं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"भातच आहे, पातळ केलेला."

"तांदळावर एवढा राग कशाला, वॅटी?"

माझं नाव वत्सला. ते इकडच्या जिभांना पेलत नाही, म्हणून सगळे वॅटी म्हणतात. बाईंनी पेज मात्र शेवटच्या घोटापर्यंत संपवली. मग मी रोज जाऊ लागले, आणि तापाच्या त्या दिवसांत त्यांनी मला जे सांगितलं ते तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. "आधी सांगायचं नव्हतं," त्या म्हणाल्या, "आणि सांगायची वेळ आली तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं."

बाई ओल्डहॅमच्या. शाळा सुटली तशी सूतगिरणीत लागल्या. गिरणीत यंत्रांचा आवाज एवढा, की बायका ओठ वाचून बोलायच्या आणि बाहेर आल्या की उगाच ओरडून बोलायच्या. शनिवारी बायकांबरोबर त्या नाटकगृहात विविध मनोरंजनाचा खेळ बघायला जायच्या. गाणी, कसरती, जादू, कुत्र्यांचे खेळ आणि शेवटी विनोदवीर. त्या शनिवारी विनोदवीर होता आल्बी क्रॉम्प्टन. गोल टोपी, आखूड विजार. तो आपल्या मेलेल्या आईचं रडकं गाणं म्हणू लागला. ऑलिव्हबाई तेव्हा विशीतल्या. त्यांना राहवलं नाही. उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ओ मिस्टर, मागच्या वर्षी पण मेली होती ना तुमची आई?"

आल्बी थबकला. "ती वेगळी, बाई."

"आई वेगळी?"

"गाणं वेगळं!"

नाटकगृह कोसळायचं बाकी राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्बीचा मॅनेजर घराच्या दाराशी येऊन उभा. आल्बीसाहेब विचारतायत, सोमवारपासून ब्रॅडफर्डला आहोत, तिथंही असंच उठून बोलाल का?

त्या गेल्या, आणि पुढं महायुद्धाची वर्षं धरून पाव शतक हेच करत राहिल्या. दर आठवड्याला नवं गाव, नवं नाटकगृह. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर तपकिरी कोटातली एक साधी बाई, मांडीवर पिशवी. आल्बीचं गाणं रंगात आलं की ती उठायची. दोघांचं भांडण जुंपायचं. शेवटी दारावरचा माणूस येऊन तिच्या कोपराला धरायचा आणि तिला बाहेर काढायचा. दाराशी पोचल्यावर ती वळून म्हणायची, "जाते मी. पण याची आई धडधाकट आहे, आमच्याच गल्लीत राहते!" आणि त्यावर पडदा.

ही बाई आल्बीची माणूस आहे हे कुणाला कळता कामा नये. सगळा खेळच त्यावर उभा होता. त्यामुळे आल्बीचे नियम कडक. कलावंतांच्या दारानं यायचं नाही, तिकीट काढून पुढच्या दारानं यायचं. कलावंत उतरतात त्या घरी उतरायचं नाही. आल्बी रस्त्यात दिसला तर ओळख दाखवायची नाही. नाव कुठं छापायचं नाही, हे तर सांगायलाच नको.

"आणि रविवारी क्रू स्टेशन," बाई सांगत होत्या. रविवारी देशातले सगळे कलावंत एका गावाहून दुसऱ्या गावी निघायचे आणि क्रूला गाडी बदलायचे. फलाटावर नुसती जत्रा. कुणाची कुत्री, कुणाचे डबे, कुणाचं तान्हं मूल. एकमेकांच्या गळ्यात पडणं, पुढच्या गावातल्या घरमालकिणींची निंदा, किटलीतून चहा. "मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभी असायची. त्यांचं हसणं ऐकू यायचं, पण कशाला हसले ते कळायचं नाही."

"कुणाशी मैत्री नाही झाली?"

"घरमालकिणीशी व्हायची कधी. एकदा हल नावाच्या गावात एक चांगली बाई मिळाली. मला शेकोटीजवळ बसवायची, मटणाचा रस्सा करून घालायची. तिला वाटायचं मी शिवणयंत्रं विकत फिरते. शुक्रवारी ती खेळाला आली. परत आले तर माझी पेटी पायरीवर! दार लावून आतून ओरडली, 'एवढ्या गोड माणसाला चार लोकांत बोलतेस? माझ्या छपराखाली असली बाई नको!'" ऑलिव्हबाई खोकत खोकत हसल्या. "पावती चांगली होती गं. पण पाऊस होता."

यात एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली, पण मला ती सगळ्यांत मोठी वाटली. आपल्याकडे साताऱ्याचा माणूस आणि मालवणचा माणूस तोंड उघडताच कळतो, तसंच इथंही आहे. लीड्सचं बोलणं न्यूकासलला परकं. ओल्डहॅमची बाई सगळीकडे उठून बोलू लागली तर लोकांना संशय येणार. म्हणून सोमवारी दिवसभर त्या बाजारात, ट्राममध्ये, मासळीच्या दुकानासमोरच्या रांगेत उभ्या राहून नुसतं ऐकायच्या. बायका मुलांना कशा रागावतात, उसासा टाकताना काय म्हणतात, नवऱ्याला नावं कशी ठेवतात. आणि रात्री त्या गावच्या होऊन बोलायच्या.

पुढं घरोघरी टीव्ही आला, नाटकगृहं ओस पडली, आल्बी वारला. त्याच्या अंत्ययात्रेला सगळे कलावंत आले होते. ऑलिव्हबाई दफनभूमीसमोरच्या बस थांब्यावर उभ्या राहिल्या. मग इथं येऊन त्यांनी समुद्राकाठच्या मिठाईच्या दुकानात काम केलं, गुडघे जाईपर्यंत.

ताप उतरला, पण बाई काही उभारी धरेनात. एकदा म्हणाल्या, "वॅटी, मरायची भीती नाही मला. पण मेल्यावर कितव्या दिवशी कळेल, याचा विचार येतो."

घरी येऊन देवापुढं दिवा लावला, पण हात जोडूनही मन तिथंच. मी ज्या होममध्ये स्वयंपाकघरात कामाला होते ते जुन्या कलावंतांचंच होम, म्हणजे वृद्धाश्रम. आमच्याकडे तेव्हा खालच्या मजल्यावरची एक खोली रिकामी झाली होती. बागेच्या बाजूची, उबेसाठी गरम पाण्याच्या नळ्या असलेली. आणि जेवायला लांब टेबल, जिथं सगळे एकमेकांच्या गोष्टी खोट्या ठरवत तास तास बसायचे. बाईंना तीच जागा हवी होती. खोली नाही, टेबल. मी विचारलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, "सगळे एकत्र बसून जेवतात?"

होमचा नियम साधा होता. तिथल्या दोन कलावंतांनी समितीच्या बाईंना, म्हणजे मिसेस पिलिंगना, सांगायचं की या व्यक्तीबरोबर आम्ही एका खेळात काम केलंय. तेवढं पुरे. आल्बीबरोबर काम केलेले आमच्याकडे दोघंच होते. विनोदी जादूगार मॉन्टी फेअरहर्स्ट आणि गायिका क्लॅरिस.

चहा देताना मी मॉन्टींना विचारलं.

"आल्बीची बाई? होती ना," मॉन्टी म्हणाले. "पण एक कुठली? दर गावात तिथलीच एखादी धरायचा तो. ब्लॅकबर्नला ब्लॅकबर्नची, हडर्सफील्डला हडर्सफील्डची. पक्का कंजूष. शिवाय रंगमंचावरून समोर अंधारच दिसतो, चेहरा कुणी पाहिलाय?"

"पण ती एकच बाई होती."

"वॅटी, तू बटाटे उकड. विनोदाचं आम्ही बघतो."

घरी येऊन मी हे सांगितलं तर बाईंचा चेहरा उजळला. "खरंच? त्यांना पण तसं वाटलं?" आणि मग जराशानं म्हणाल्या, "अरे देवा, मग मला ओळखणार कोण?"

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी होमच्या दिवाणखान्यात मॉन्टींचा छोटा कार्यक्रम होता. बाहेरच्या लोकांना यायची मुभा असे. मी बाईंना घेऊन गेले. म्हटलं, माणसं तरी बघतील. त्या तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. मी दाराशी चहाच्या कपांजवळ.

मॉन्टींची सुरुवात बरी झाली. मग त्यांनी लाल रुमाल मुठीत कोंबला आणि म्हणाले, "आता हा रुमाल..." आणि थांबले. "हा रुमाल..." त्यांच्या डोळ्यांतून सगळं पुसलं गेलं होतं. हात तसाच वर. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खाकरलं. म्हातारे कलावंत मान खाली घालून बसले, कारण उद्या आपलंही हेच होणार हे प्रत्येकाला ठाऊक.

"ओ मिस्टर!" ऑलिव्हबाई उभ्या होत्या. आवाज अस्सल आमच्या गावचा, कोळणीचा. "गायब करायचा तर लवकर करा. साडेचारची बस आहे मला."

मॉन्टींनी मान वळवली. "बाई, मी तुम्हालाच गायब करू का?"

"माझ्या नवऱ्याला करा आधी. रुमाल पुरायचा नाही, चादर मी देते."

हशा झाला. तो उतरू लागेपर्यंत दोघंही थांबले. मग मॉन्टींची गाडी रुळावर आली.

"माझ्याकडे कबूतर आहे, बाई. तुमचं तोंड बघून बाहेर यायला तयार नाही."

"युद्धाच्या आधीपासून खिशात आहे ते. बाहेर काय येईल, पिसं?"

लोक डोळे पुसत होते. मॉन्टी पुन्हा तरणे झाल्यासारखे दिसत होते. पण आमच्या मेट्रन, म्हणजे होमच्या व्यवस्थापिका, इस्पितळातून आलेल्या, रंगमंचाशी त्यांचा संबंध नाही. त्या लाल चेहऱ्यानं पुढं आल्या आणि त्यांनी बाईंचा कोपर धरला. "आमच्या म्हाताऱ्या माणसांचा अपमान इथं चालणार नाही. चला बाहेर."

आणि ऑलिव्हबाई निघाल्या. खुलासा नाही, तक्रार नाही. कोपर धरला म्हणजे आपलं काम झालं, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं. दाराशी वळून एक वाक्य टाकलं, "जाते मी. रुमाल त्याच्या बाहीत आहे!" आणि गेल्या. टाळ्या वाजत होत्या आणि त्या बाहेर थंडीत उभ्या.

कार्यक्रम संपताच मॉन्टी काठी आपटत स्वयंपाकघरात आले. "कुठाय ती? मेट्रनला कुणीतरी सांगा, ती आमच्यातली आहे! प्रेक्षक मध्येच बोलतो तेव्हा घाई करतो. ही हशा उतरेपर्यंत थांबली, वॅटी. असं थांबायला जन्म जातो."

म्हणजे एक साक्ष झाली. क्लॅरिस पाय दुखतो म्हणून त्या दिवशी खाली आलेल्या नव्हत्या. मॉन्टी त्यांना सांगायला गेले, पण परतले ते कपाळाला आठ्या घालून. "बाई हट्टाला पेटलीय. म्हणते, बाकी गावांचं माहीत नाही, पण सन्डरलंडची बाई सन्डरलंडचीच होती. पैज लावते म्हणाली."

"मग मी सन्डरलंडची होऊन बोलते," ऑलिव्हबाई म्हणाल्या. "आवाज ओळखतील."

आम्हा तिघांनाही ते पटलं. त्यापलीकडे आमचा विचार गेला नाही.

गुरुवारी मिसेस पिलिंग आल्या. क्लॅरिस खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. चेहऱ्याला पावडर, गळ्यात मोती. त्यांचं बोलणं लंडनच्या बड्या घरातल्यासारखं, जन्मापासून तसंच असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मी चहाचा ट्रे ठेवला. मॉन्टी भिंतीशी उभे. ऑलिव्हबाई समोर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि बोलल्या. त्यांचं ते बोलणं मी आपल्या बोलीतच सांगू शकते.

"काय गं पोरी, पाय लांब करून बसलीयास! गोदीचा भोंगा झाला, चूल कुनी पेटवायची?"

क्लॅरिसनी हातातला कप माझ्यापुढं धरला. मी तो काढून घेतला. त्या खुर्चीत पुढं सरकल्या. मग त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो आम्ही कधी ऐकला नव्हता. मोती तेच, पावडर तीच, आवाज मात्र गल्लीतल्या पोरीचा.

"तूच की गं ती! त्या रातीला उठलीस तवा मी पडद्यामागं हुते. वाटलं, आय बोलतीया. रडले मी. आन लगीच समद्यांसंगं शेवटचं गानं म्हनायला जायाचं हुतं." त्यांनी ऑलिव्हबाईंचा हात धरला. "कुठल्या गल्लीतली तू? फोर्ज रो? आमची फोर्ज रो. ती बुटकी घरं, एका रांगेत."

ऑलिव्हबाई क्षणभर थांबल्या. "त्याच्या मागली," म्हणाल्या.

"मंग तुला म्हाइत असंल. कोपऱ्यावर वाटाण्याचं गरम पुडिंग मिळायचं, वाडगं घिऊन जायाचं..."

"आन हात भाजायचा."

"हात भाजायचा!" क्लॅरिस हसत होत्या आणि पावडरीतून पाणी ओघळत होतं. "या लोकांना म्हाइत न्हाई गं. सोळाव्या वर्षी मॅनेजर म्हनला, असं बोलशील तर धंदा न्हाई. तवापास्नं बोलले न्हाई. आय मेली तवा पन असंच शानं बोलले. आता तिथलं माझं एक बी मानूस उरलं न्हाई."

मिसेस पिलिंग भल्या बाई, पण त्यांना पुढं दुसरीकडे जायचं होतं. त्या जरा वाकून म्हणाल्या, "मिस क्लॅरिस, म्हणजे तुम्ही यांना ओळखलंत. या रंगमंचावर काम करायच्या, असं मी धरू ना?"

"काम?" क्लॅरिस पुन्हा मोत्यांच्या आवाजात आल्या, पण हात सोडला नाही. "छे! मी म्हणत नव्हते, मॉन्टी? ही आमच्या मागच्या गल्लीतली मुलगी आहे. तिकडची माणसं नाकासमोर चालणारी. रंगमंचावर पाय ठेवायची नाहीत. माझ्यासारखी मीच एक निघाले."

मॉन्टी पुढं झाले. "क्लॅरिस, अगं वेडे, ती ओल्डहॅमची..."

"ओल्डहॅम!" क्लॅरिस खुदकन हसल्या. "ऐक गं, तुला ओल्डहॅमची म्हणतोय."

मिसेस पिलिंगनी ऑलिव्हबाईंकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा. तुम्ही कलावंत आहात का?"

एवढंच सांगायचं होतं. आपल्या आवाजात एक वाक्य. बागेकडची खोली समोरच्या दारापलीकडे होती, पलंगावर स्वच्छ चादर मी सकाळीच घातली होती. मी तोंड उघडलं. ऑलिव्हबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मिटलं. त्यांचा हात क्लॅरिसच्या दोन्ही हातांत होता.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात कुनी नाटकात गेलं न्हाई."

मॉन्टींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी थांब्यावर बसची वाट बघताना मी विचारलंच. "का केलंत असं? एका शब्दाचं काम होतं."

"ती ऐकत होती ना, वॅटी," बाई म्हणाल्या. "ऐकणारं माणूस समोर असताना सोंग कसं मोडायचं? मला नाही ते येत." मग पिशवीत रुमाल शोधत राहिल्या, आणि बस आली.

मी मिसेस पिलिंगना नंतर गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वॅटी, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण बाई स्वतः नाही म्हणतात, त्याला मी काय करू?" खोली मे महिन्यात बोल्टनच्या एका बाजीगराला मिळाली. सज्जन माणूस. सकाळी लाकडी चेंडूंचा सराव करतो आणि ते पडतात.

ऑलिव्हबाई दर गुरुवारी येऊ लागल्या, क्लॅरिसची गाववाली म्हणून. दोघी दार लावून बसायच्या. चहा नेला की आतून हसणं यायचं. सहाला जेवणाची घंटा झाली की पाहुण्यांनी जायचं, तशा त्या जायच्या.

जूनमध्ये त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "वॅटी, क्लॅरिस आता फार बारीक विचारते. आईच्या दाराचा रंग, समोर कोण राहायचं. मी तिथं एकच आठवडा होते गं." दोन दिवसांनी लांब पल्ल्याच्या बसनं त्या एकट्या सन्डरलंडला गेल्या. त्या गुडघ्यांनी. पुढच्या गुरुवारी आधी माझ्याकडे आल्या, कोट न काढता खुर्चीवर बसल्या.

"फोर्ज रो नाही राहिली. सगळं पाडलंय. पत्र्याचं कुंपण आहे. मासळीच्या दुकानाशी रांग होती, तिथं दुपारभर उभी राहिले."

मी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन त्या उठल्या, आरशात टोपी नीट केली आणि आत गेल्या. मी ट्रे घेऊन मागोमाग पोचले तेव्हा क्लॅरिस डोळे मिटून ऐकत होत्या, आणि ऑलिव्हबाई सांगत होत्या की दार हिरवंच आहे, आता नवा रंग दिलाय, आणि पायरी कुणीतरी सकाळीच धुतली होती.